माझ्याकडे तर नीट चालत होता

‘लॅपटॉप मिळाला. स्क्रीन फ्लिकर होतेय. पैसे परत करा.’

नमस्कार नाही, फोटो नाही, नुसती तीन वाक्यं. जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू ऑनलाइन विकणाऱ्या कुणालाही असा मेसेज ओळखीचा असेल, आणि तो वाचताना पोटात पडणारा खड्डाही. मला आधी राग आला. पार्सल बांधायच्या आदल्या रात्रीपर्यंत मी त्याच लॅपटॉपवर काम करत होतो आणि स्क्रीन एकदाही लुकलुकली नव्हती. म्हणजे एक तर कुरियरमध्ये कुणीतरी खोकं आपटलं, नाही तर हा माणूस खोटं बोलतोय. तिसरं काही असू शकतं हे डोक्यातच आलं नाही. उत्तर तर बोटांवर तयारच होतं : ‘माझ्याकडे तर नीट चालत होता.’

ते तसंच पाठवायचं राहिलं, कारण मध्येच दुसरं काम निघालं. संध्याकाळी पुन्हा वाचलं तेव्हा जाणवलं, वाक्य शंभर टक्के खरं आहे आणि त्याचा काडीचा उपयोग नाही. घेणाऱ्याने माझ्या टेबलावर काय होत होतं ते विचारलंच नव्हतं. त्याच्यासमोर काय होतंय ते तो सांगत होता. अशा वादांमध्ये दोन्हीकडून अशीच खरी वाक्यं फेकली जातात. ती एकमेकांना छेदत नाहीत, त्यामुळे भांडण संपतही नाही.

ऑनलाइन विक्रीच्या इतिहासातला एक किस्सा मला या संदर्भात फार आवडतो. पिअर ओमिड्यार यांनी १९९५ साली लिलावाची एक वेबसाइट सुरू केली, तीच पुढे ईबे झाली. तिच्यावर सुरुवातीला विकली गेलेली वस्तू म्हणजे त्यांचाच एक बिघडलेला लेझर पॉइंटर. तो १४.८३ डॉलरला गेला. ओमिड्यार चकित झाले आणि त्यांनी घेणाऱ्याला विचारलं, हा बिघडलेला आहे हे तुम्हाला कळलंय ना? उत्तर आलं की मी बिघडलेले लेझर पॉइंटरच जमवतो. हा किस्सा सहसा ‘जगात कशालाही गिऱ्हाईक मिळतं’ या अर्थाने सांगतात. मला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. विकणाऱ्याला शंका आली आणि त्याने ती पैशांचा वाद उभा राहण्याआधी विचारून घेतली. शिवाय तिथे दोष एकच होता आणि तो उघड होता. आपण विकतो त्या वस्तूंचे दोष इतके सरळ नसतात. ते कधी असतात, कधी नसतात.

मी त्या माणसाला लिहिलं : ‘त्रासाबद्दल वाईट वाटलं. परत घ्यायला माझी हरकत नाही. त्याआधी एवढं सांगाल का, फ्लिकर सुरू केल्यावर लगेच होतं की काही वेळाने? चार्जर लावलेला असताना होतं का? स्क्रीन पुढेमागे केली तर फरक पडतो का? जमलं तर एक छोटा व्हिडिओ पाठवा.’

व्हिडिओ आला. लॅपटॉप मांडीवर, स्क्रीन बरीच मागे कललेली, आणि तिच्यावर आडव्या रेषांचा थयथयाट. मग एक हात पुढे येतो, स्क्रीन सरळ करतो आणि चित्र एकदम स्वच्छ. पुन्हा मागे, पुन्हा रेषा.

उलगडा झाला. लॅपटॉपच्या मदरबोर्डपासून स्क्रीनपर्यंत चित्र नेणारी एक पातळ केबल असते, ती बिजागरीतून जाते. झाकण उघडताना आणि मिटताना दर वेळी ती थोडी वळते. काही वर्षांनी आतल्या बारीक तारांपैकी एखादी तुटते, पण तुटलेली टोकं एका विशिष्ट कोनात एकमेकांना टेकून राहतात. त्या कोनात सगळं ठीक. कोन बदलला की संपर्क सुटला. मी तो लॅपटॉप कायम टेबलावर, स्टँडवर, स्क्रीन जवळपास उभी ठेवून वापरत आलो. माझ्या कोनात दोष नव्हता, त्याच्या कोनात होता. आम्ही दोघंही खरं बोलत होतो. आणि मी ते पहिलं उत्तर पाठवलं असतं, तर हे आम्हाला कधीच कळलं नसतं.

तेव्हापासून तक्रार आली की ‘हा खरं बोलतोय का’ हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. आधी विचारतो, ‘हे कोणत्या स्थितीत दिसतंय?’ ऐकायला फरक किरकोळ वाटेल. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर माणसाच्या स्वभावात शोधावं लागतं आणि तिथे आपल्याला फारसं काही दिसत नसतं. दुसऱ्याचं उत्तर वस्तूत सापडतं.

जुन्या उपकरणांचे बरेचसे दोष असे परिस्थितीवर अवलंबून असतात. वापरून जुनी झालेली लिथियम-आयन बॅटरी घ्या. तिची क्षमता कमी होते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण वयाबरोबर तिचा अंतर्गत रोधही, म्हणजे वीज बाहेर पडताना होणारा आतला अडथळाही, वाढतो. मग एकदम जास्त करंट ओढला गेला की व्होल्टेज खाली बसतं आणि फोन तीस टक्के दाखवत असतानाच बंद पडतो. थंडीत हे जास्त होतं. विकणारा फोनवर फक्त बोलत आणि मेसेज वाचत असेल तर त्याला हे वर्षानुवर्षं दिसणार नाही. घेणारा पहिल्याच दिवशी कॅमेरा उघडून, फ्लॅश लावून व्हिडिओ काढायला लागतो आणि फोन मरतो. त्याच्या दृष्टीने त्याला बिघडलेला फोन विकला गेलाय. आता त्याला कोण दोष देणार?

ओएलईडी स्क्रीनचंही तेच. एकाच जागी वर्षभर दिसलेल्या चिन्हांचे डाग तिच्यावर राहतात. रंगीत वॉलपेपरवर ते लपतात, पूर्ण करड्या पार्श्वभूमीवर उठून दिसतात. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची धूळ लेन्सचं छिद्र मोठं उघडं असताना दिसत नाही. छिद्र लहान करून, म्हणजे एफ/१६वर, मोकळ्या आकाशाचा फोटो काढा, मग काळे ठिपके मोजत बसा. टचस्क्रीनवरची एखादी मेलेली पट्टी नुसत्या टिचकीने सापडत नाही, एखादं आयकॉन बोटाने हळूहळू सगळ्या स्क्रीनभर ओढत नेलं की तिथे ते हातातून सुटतं. आणि टाइप-सी आल्यापासून तर चार्जिंगच्या अर्ध्या तक्रारी उपकरणाच्या नसतातच. विकणाऱ्याकडे पासष्ट वॉटचा चार्जर असतो, घेणारा फोनचा चार्जर लावतो, लॅपटॉप कण्हत कण्हत चार्ज होतो किंवा होतच नाही. इथे परतावा देऊन काही सुटत नाही. कोणता चार्जर लावलाय, एवढं विचारलं तर सुटतं.

म्हणजे विकणारा जाहिरातीत लिहितो ते वस्तूचं वर्णन नसतंच. त्याच्या सवयीतून त्याला जेवढी वस्तू दिसली तेवढीच तो लिहितो. कोपऱ्यातलं बटण जरा जोरात दाबावं लागतं हे आपल्याला आठवतच नाही, कारण बोट आपोआप जोरात पडतं.

त्यात भर मालकीच्या मायेची. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि अर्थतज्ज्ञ जॅक नेट्श व रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेले कॉफीच्या मगांचे प्रयोग गाजलेले आहेत. अर्ध्या लोकांना मग फुकट दिले, अर्ध्यांना नाही, आणि मग भाव विचारले. नुकताच मग हातात आलेल्यांनी मागितलेली किंमत, घेऊ पाहणारे देत होते त्याच्या साधारण दुप्पट निघाली. मगाची ही तऱ्हा, तर तीन वर्षं सोबत काढलेल्या लॅपटॉपची काय असणार? आपला तो बाब्या. त्यामुळे घेणाऱ्याने चरा दाखवला की आपल्याला तो आपल्यावरचा शेरा वाटतो. भांडणातला निम्मा ताप इथून येतो असं माझं मत आहे, पैशांतून नव्हे.

आता यंत्रणेबद्दल. या वादांना कोर्ट परवडत नाही आणि दोघं एकमेकांना कधी भेटणारही नसतात, हा प्रश्न ऑनलाइन बाजाराइतकाच जुना. १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या इथन कॅट्श यांच्या केंद्राने ईबेसाठी एक प्रयोग केला. थोड्याच दिवसांत दोनशेच्या आसपास वाद आले आणि मध्यस्थाने ते ईमेलवरून हाताळले. एक माणूस दोन्हीकडचं ऐकायचा, नीट शब्दांत दुसऱ्याला सांगायचा. हे मोठ्या प्रमाणावर माणसांकडून होणं शक्यच नव्हतं, मग ते सॉफ्टवेअरकडे गेलं. आज आपण ‘तक्रार नोंदवा’वर बोट ठेवतो तेव्हा समोर जो फॉर्म येतो तो त्या मध्यस्थाचाच वंशज : वस्तू मिळाली नाही, की वर्णनाप्रमाणे नाही? पुरावा जोडा. काय हवंय, परतावा की बदली?

फॉर्मला कोन, थंडी, चार्जर असलं काही कळत नाही. त्याला दोन खाने कळतात. म्हणून तक्रार औपचारिक होण्याआधी जे बोलणं होतं ते मोलाचं, आणि ते प्लॅटफॉर्मच्याच चॅटमध्ये झालेलं बरं. बाहेर फोनवर कितीही गोडीत ठरलं तरी पुढे वाद चिघळला तर त्याची नोंद कुठेच नसते. चॅट उद्या एखादा तिसरा, कंटाळलेला माणूस घाईघाईने वाचणार आहे असं समजून मी लिहितो. त्यामुळे भाषा आपोआप सभ्य होते, हा वरचा फायदा.

मुदतीही लक्षात ठेवाव्या लागतात, आणि त्या विकणाऱ्याला वाटतात त्यापेक्षा लांब असतात. पेपॅल या ऑनलाइन पैसे देण्याच्या सेवेवर, तक्रारीच्या प्रकारानुसार, पैसे दिल्यापासून जास्तीत जास्त १८० दिवसांपर्यंत वाद उघडता येतो. उघडल्यावर तो २० दिवसांत दाव्यात, म्हणजे पेपॅलच्या निकालासाठी, नेला नाही तर आपोआप बंद होतो. कार्डाने पैसे दिले असतील तर घेणारा थेट बँकेकडे जाऊन व्यवहार उलटवू शकतो, आणि व्हिसाच्या नियमांत वर्णनाप्रमाणे नसलेल्या वस्तूसाठी ही खिडकी साधारण १२० दिवस उघडी असते. पैसे खात्यात आले म्हणजे ते आपले झाले, असं लगेच धरून चालू नये.

लॅपटॉपच्या बाबतीत मी परत घेतो म्हणालो, परतीचा खर्चही उचलला. यावर मित्रांमध्ये दोन तट पडले. ‘जुनी वस्तू आहे, जशी आहे तशी विकली, एकदा गेली की गेली’ असं म्हणणारे बरेच होते. मला ते पटत नाही. ‘जशी आहे तशी’ या शब्दांचं संरक्षण माहीत असलेल्या दोषापुरतं असावं. न सांगितलेल्या दोषाचा भार, तो मलाही ठाऊक नसला तरी, घेणाऱ्याने का वाहावा? वस्तू माझ्या हातात कितीतरी दिवस होती, त्याच्या हातात एक संध्याकाळ. शोधायची संधी कुणाला जास्त होती?

परतावा म्हणजे गुन्ह्याची कबुली असं मानण्यामुळेही विकणारे अडून बसतात. तसं काही नसतं. मी त्या माणसाला एवढंच लिहिलं की तुमच्या वापराला हा लॅपटॉप चालणार नाही हे व्हिडिओत दिसतंय, पाठवून द्या. त्यानंतर त्याचा सूरच पालटला. ‘तुम्हाला माहीत नसणार हे मला आता कळतंय,’ असं त्याने आपणहून लिहिलं. पहिल्या तीन वाक्यांतला तुटकपणा हा उर्मटपणा नव्हता. आपले पैसे बुडाले असं वाटणारा माणूस असाच लिहितो.

क्रम मात्र पाळायचा : आधी वस्तू परत, मग तपासणी, मग पैसे. आणि फोन किंवा टॅब असेल तर पाठवण्याआधी घेणाऱ्याने आपलं खातं त्यातून काढलं पाहिजे. आयफोनमध्ये अ‍ॅक्टिव्हेशन लॉक २०१३ सालच्या आयओएस ७ पासून आहे, अँड्रॉइडमध्ये तसंच कुलूप २०१५ च्या ५.१ आवृत्तीबरोबर आलं. चोरांसाठी केलेली ही सोय परताव्याच्या वेळी आपल्यावरच उलटते. नुसतं रीसेट करून फोन परत आला, खातं तसंच राहिलं, की तो पहिल्या घेणाऱ्याचा पासवर्ड मागत बसतो. पैसे देऊन झाल्यावर त्या माणसाला ‘जरा लॉगिन करता का’ म्हणून विनवण्या करणं कुणावर येऊ नये. लॅपटॉपवर तर घेणाऱ्याचं ब्राउझर, फोटो, सगळंच राहू शकतं. माझ्याकडे परत आलेल्यावर त्याचं खातं होतं. मी ते न उघडता सगळं पुसून टाकलं आणि तसं त्याला कळवलंही.

अर्धवट परताव्याबद्दल माझं मन द्विधा आहे. ‘थोडे पैसे परत देतो, वस्तू ठेवा’ हा तोडगा कागदावर छान दिसतो. सगळ्यांचे कष्ट वाचतात. पण काही जण मुळात त्यासाठीच तक्रार करतात. सौदा झाल्यावरची घासाघीस ती. म्हणून दोष मोजता येत असेल तरच मी त्या वाटेला जातो. बॅटरी मोजता येते : विंडोजच्या बॅटरी अहवालात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी शेजारी दिसतात. आयफोन थेट टक्का सांगतो. आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० चार्जिंग आवर्तनांनंतर ऐंशी टक्के क्षमता राखतील अशा बनवल्या आहेत, १५ पासून हा आकडा १००० आहे, असं ॲपल सांगतं. असा आकडा समोर असला की नवी बॅटरी किती पैशांना पडते ते पाहून बोलता येतं. ‘फोन स्लो वाटतोय’ याचे किती कापायचे? त्यापेक्षा परत घ्यावा.

एवढं सगळं समजूतदारपणे सांगून झालं, आता दुसरी बाजू. फसवणारे असतात. मी एक महागातला हेडफोन विकला होता. आठवड्याने तक्रार : डाव्या कानात आवाज येत नाही. मी माझे नेहमीचे प्रश्न विचारले. केबल लावून बघितलीत का? दुसऱ्या फोनला जोडून? उत्तर एकच, दर वेळी : ‘खराब आहे, रिफंड द्या.’ अशा उत्तरांनी मी सावध होतो, पण निष्कर्ष काढत नाही. तांत्रिक गोष्टी शब्दांत न मांडता येणारी प्रामाणिक माणसंही असंच लिहितात. माझ्या नात्यातली निम्मी मंडळी असंच लिहितील. परत मागवला. हेडफोन आला, डाव्या कानात खरंच आवाज नव्हता, आणि सिरियल नंबर माझा नव्हता. त्याने स्वतःचा बिघडलेला जोड पाठवून माझा चांगला ठेवून घेतला होता. पाठवण्याआधी मी काढलेला नंबराचा फोटो, बिल, परत आलेल्याचा फोटो, सगळं प्लॅटफॉर्मला दिलं. निकाल त्याच्या बाजूने लागला. परतीचं पार्सल पोचल्याची नोंद होती, त्यांच्या लेखी विषय संपला.

संताप आला, अर्थातच. तरीही व्यवस्था घेणाऱ्याकडे झुकलेली असावी हे माझं मत बदललं नाही. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांचा १९७० चा निबंध जुन्या मोटारींबद्दल आहे. त्यांचं म्हणणं असं की वस्तूचं खरं रूप फक्त विकणाऱ्याला ठाऊक असेल तर घेणारा सरसकट कमी भाव देतो. त्या भावात चांगली वस्तू विकणं परवडत नाही म्हणून चांगले विकणारे निघून जातात, भाव आणखी पडतो, आणि शेवटी बाजारात खटारे उरतात. काही नियतकालिकांनी तो निबंध नाकारला होता. २००१ मध्ये त्याच विषयावरच्या कामाला नोबेल मिळालं. परताव्याची हमी हा त्या घसरगुंडीला घातलेला बांध आहे. अनोळखी माणूस माझ्या जुन्या हेडफोनला बरा भाव देतो तो माझ्या चेहऱ्याकडे बघून नव्हे. आवडला नाही तर पैसे मिळतील, या भरवशावर तो देतो. त्या भरवशाचा गैरफायदा घेणाऱ्यांचा खर्च माझ्यासारख्या विकणाऱ्यांवर पडतो, आणि तो खर्च धरूनही मला अकरलॉफच्या बाजारापेक्षा इथे जास्त मिळतं. ईबेने २००८ मध्ये विकणाऱ्यांचा घेणाऱ्यांना वाईट शेरा देण्याचा हक्कच काढून घेतला, तेव्हा विकणारे खवळले होते. पण तक्रार केली म्हणून सूड म्हणून वाईट शेरा मिळेल या धाकाने घेणारे गप्प बसत होते, हेही खरंच होतं.

परत आलेला लॅपटॉप नंतर गेला. जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहिलं की स्क्रीन सरळ असेल तर ठीक, मागे नेली की रेषा येतात, केबल बदलावी लागेल, सोबत व्हिडिओ. चौकशा कमी आल्या. ज्याने घेतला त्याला तो मोठ्या मॉनिटरला कायमचा जोडून ठेवायचा होता, झाकण मिटूनच.

हेडफोनचं मात्र जमेना. तो दुसऱ्याचा जोड माझ्याकडे पडून आहे. उजवा कान उत्तम वाजतो, सुटे भाग म्हणून कुणाला उपयोगी पडेल. पण विकायचा तर डावा बंद आहे हे लिहावं लागेल, सिरियल नंबर बिलाशी जुळत नाही हेही लिहावं लागेल, आणि का जुळत नाही हे सांगायला गेलं तर वाचणारा पहिला संशय माझ्यावरच घेईल. दोनतीनदा मजकूर लिहून पाहिला. प्रत्येक वेळी खोटं बोलणारा माणूस लिहील तसाच उतरतो.